घोडी उघडून पाहिली

मी आणि घोडी मोह वेचायला शेवटचं गेलो, तेव्हा ते शेवटचं आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. म्हणून सगळं रोजच्यासारखं झालं. बरंच झालं. माहीत असतं तर मी उगाच तिच्या गळ्यात पडलो असतो आणि तिला ते आवडलं नसतं.

चैताचे दिवस होते. मोहाचं फूल पहाटे गळायला लागतं आणि ऊन चढेपर्यंत गळत राहतं. उशीर केला तर गाई खातात, हरणं खातात, अस्वल खातं. आमची तीन झाडं गावापासून अर्ध्या कोसावर, दरेकशाच्या डोंगराच्या पायथ्याशी. दिसायला लागलं की घोडीच्या पाठीवर पोतं टाकायचं, दोन्ही अंगांना दोन टोपल्या लटकवायच्या आणि निघायचं. दोर हातात धरावा लागत नसे. ती मागून येई. मी थांबलो की थांबे. मी खोकललो की फुरफुरे, जशी काही टवाळीच करते आहे.

त्या दिवशी नाल्याच्या अलीकडे ती उभी राहिली. कान पुढे, नाक वर. मीही उभा राहिलो. झाडाखाली अस्वल असलं की ती अशी करी. एक विडी ओढून होईल इतका वेळ आम्ही तसेच उभे. मग पलीकडे पाला वाजला, काळं ढुंगण झुडपात गेलं, घोडीनं कान सैल सोडले आणि स्वतःच पाऊल टाकलं. अस्वलाच्या बाबतीत मी माझी अक्कल कधी लावली नाही. ते खातं तिच्याकडे होतं.

दोन्ही टोपल्या भरल्या. घरी आलो, अंगणात मोह पसरला आणि डब्यातून आधीचा वाळलेला मोह काढून तिच्या तोंडाशी मूठ धरली. पहाटेच्या अस्वलापायी मी तिच्यावर खूश होतो, म्हणून आणखी एक मूठ दिली. दोन झाल्या.

या मुठीचं सांगायला पाहिजे.

मूठ माझ्या बायकोनं सुरू केली. घोडी आमच्याकडे आली तेव्हा मी आमगावच्या स्टेशनवर टांगा चालवत होतो. बायको रोज सकाळी डबा उघडी आणि घोडीला मोहाची एक मूठ चारी. जास्त नाही, कमी नाही. मोह जनावराला ताकद देतो आणि जास्त झाला तर पोट धरतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. मग स्टेशनवर ऑटो आले. टांगे एकेक करून बंद पडले. मी टांगा विकला, घोडी नाही विकली. गावी आणली. लग्नात तिच्यावर नवरदेव बसत, बाकी वर्षभर ती लाकूड, मोह, तेंदूपत्ता वाही. पोळ्याला बायको तिला बैलांच्या रांगेत तोरणाखाली उभी करी. लोक म्हणत, पोळा बैलाचा का घोड्याचा? बायको म्हणे, जो राबते त्याचा. मूठ कधी चुकली नाही.

मग दिवाळीच्या मागेपुढे बायको गेली आणि मूठ माझ्याकडे आली. माझा हात मोठा आहे. टांग्याचा लगाम धरून धरून तो पंजा झाला आहे. तिच्या मुठीच्या दीडपट माझ्या मुठीत येई. मला ते कळत होतं. पण मूठ म्हणजे मूठ, हाताला लहान व्हायला कसं सांगणार? पाच महिने मी माझ्या मुठीनं देत आलो. आणि त्या दिवशी दोन दिल्या.

दुपारी घोडीनं तनसाला, भाताच्या पेंढ्याला, तोंड लावलं नाही. पुढच्या पायानं जमीन उकरी, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाही. मला वाटलं, वात धरला. ओवा आणि हिंग उकळून पाजलं. संध्याकाळी ती खाली बसली, उठली, पुन्हा बसली. अंगाला घाम. मी पोट चोळत राहिलो. दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या वेळी तिनं चारही पाय ताणले आणि झालं.

बायकोची मोठी बहीण आमच्याच टोल्यावर, म्हणजे वस्तीत, दिलेली. तिचं घर माझ्या घराला लागून, मधे काट्यांचं कुंपण. मी तिला बाई म्हणतो, ती मला भाटवे म्हणते. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे तसंच म्हणतात. ती कुंपणापाशी आली.

"गेली?"

"गेली."

"काल किती मोह देल्ला होता?"

"दोन मुठा."

"तुमच्या?"

"मंग कोनाच्या?"

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात मागे घेतला. का घेतला कोण जाणे.

"मारली तुमी तिले, भाटवे. माह्या बहिणीच्या हातची घोडी. पोट फुगवून मारली."

"पोटात काय झालं ते तुमाले काय माहीत, बाई?"

"अन् तुमाले काय माहीत? बहीण मेली तवा इचारलं, काय झालं होतं? त म्हने माहीत नाही. आता घोडी मेली. आताबी माहीत नाही म्हना. तुमाले कधी काही माहीतच नसते."

हे ऐकून मी खाली बसलो. कारण ते खरं होतं.

बायको तीन दिवस शहरातल्या मोठ्या दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी पांढरं कापड ओढलं, एक कागद माझ्या हातात दिला आणि सही करा म्हणाले. मी केली. कागद इंग्रजीत. मी चौथी शिकलेला, तेही मराठी. काय लिहिलं आहे ते मी विचारलं नाही. मागे लोक उभे होते, गाडी ठरवायची होती, आणि सगळे म्हणत होते, गेली ती गेली, आता विचारून काय. मी तो कागद घडी करून मोहाच्या डब्याशेजारच्या पेटीत ठेवला. बाईनं दहाव्याला विचारलं, तेराव्याला विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही.

मी उठलो.

"पाहतो मी," म्हणालो.

"काय पाहता?"

"उघडून पाहतो. पोटात काय हाय ते."

"बाप्पा! मेल्या जनावराचं पोट फाडता?"

"फाडतो."

"अन् मोहच निंघाला त?"

"त तुमी खऱ्या अन् मी मारली. साऱ्या टोल्याले सांगा."

आमच्या टोल्यावर बैल मेला की पुरायचं काम तिघं भाऊ करतात. गोंड माणसं, हाताची पक्की. राबलेला बैल मालकाच्याच जमिनीत पुरायचा, तोंड उगवतीला, अंगावर खडं मीठ, वरून बोराटीचे काटे, म्हणजे कुत्री आणि कोल्हे उकरत नाहीत. मी त्यांना माझ्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात, जुन्या मोहाच्या खोडाजवळ जागा दाखवली आणि खणायला सांगितलं. थोरला म्हणाला, "काका, मुरूम लागन. चैताचा मुरूम म्हंजे लोखंड." मी म्हणालो, "पाणी टाका, सब्बल लावा. मी डॉक्टरीणबाईले आनतो." आणि सायकलवर बसलो.

जनावरांचा दवाखाना दोन कोसांवर. दारात कंपाउंडर खुर्ची टाकून बसला होता.

"काय आनलं, बाबा? गाय का शेळी?"

"घोडी."

"कोठी हाय?"

"मेली."

"मंग इथं काऊन आले? मेल्यावर सुई टोचत नाही आमी."

"पोट उघडून पाहाचं हाय."

"विमा हाय का?"

"नाही."

"मंग केस कोनावर करता?"

"माह्यावर," मी म्हणालो.

तो हसला. पण आत टेबलाशी डॉक्टरीणबाई बसली होती, तिनं मान वर केली. पोरगीच, मला नात शोभेल अशी, तिकडची पश्चिमेकडची. "तुमच्यावर म्हणजे?" तिनं विचारलं.

मी मूठ दाखवली. बायकोची केवढी होती ते दुसऱ्या हातानं दाखवलं. दोन मुठा दिल्या ते सांगितलं. रात्री डॉक्टरला बोलावलं नाही, ओव्यावर भागवलं, तेही सांगितलं. लपवायचं असतं तर आलोच नसतो.

ती म्हणाली, "बाबा, मोहफुलांनी मेली असेल तर मी तसंच लिहीन. तुमचं मन राखायला दुसरं काही लिहिणार नाही."

"त्याच्याचसाठी आलो जी."

"कॉलेजनंतर मी घोडा उघडलेला नाही. इकडे आहेतच कुठे घोडे?"

"मीबी कधी पाह्यला नाही. दोघंबी पाहू."

ती उठली. पेटी घेतली, लांब बूट घेतले, कंपाउंडरला म्हणाली, "चला." तो खुर्चीतून असा उठला की जशी खुर्चीच चावली.

आल्या आल्या तिनं घोडीला हात लावू दिला नाही. नाकपुड्या पाहिल्या, तोंड पाहिलं, शेपटीखाली पाहिलं. कुठून रक्त गळतंय का ते पाहत होती. म्हणाली, काही रोग असे असतात की त्यात जनावर उघडलं तर रोग मोकळा होतो, माणसालाही धरतो. कानातून थेंबभर रक्त काढून काचेवर पसरलं आणि ती काच घेऊन स्कूटरनं परत दवाखान्यात गेली. बाई कुंपणापलीकडून म्हणाली, "पळाली तुमची डॉक्टरीण." तासाभरानं स्कूटरचा आवाज आला. "रक्तात काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आता उघडू."

मग घोडीला आम्ही बैलबंडीला लावून शेताच्या कोपऱ्यात ओढून नेलं. कंपाउंडरनं तिला डाव्या कुशीवर पाडून ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "गाय-बैल डाव्या कुशीवर. घोडा उजव्या." पुन्हा चार माणसं लागली. तिघं भाऊ खड्ड्यातून वर आले आणि आम्ही चौघांनी ती पालटली. कंपाउंडर पुटपुटला, "घोड्याचं सारंच उलटं."

तोवर अर्धा टोला जमला होता. बाई सगळ्यांत पुढे, पदर नाकाला. मी घोडीच्या डोक्याशी बसलो. तिच्या डोळ्यावर माझा दुपट्टा टाकला.

सुरी फिरली. मला वाटलं होतं, मी पाहू शकणार नाही. पाहिलं. मी वीस वर्षं त्या पोटावर हात फिरवला होता, पट्टा आवळला होता, खरारा केला होता, पण आत काय असेल हे कधी मनातही आलं नव्हतं. केवढं आतडं! टोपल्या भरतील इतकं. भात लावायच्या वेळी नांगरलेल्या बांदीत चिखल चमकतो तसं ते चमकत होतं. वास आला आणि मागचे लोक दहा पावलं मागे सरकले. बाई सरकली नाही.

डॉक्टरीणबाईनं आधी जठर शोधलं. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर लहानसं, मला ते पाहूनच नवल वाटलं. तिनं ते कापून घमेल्यात उलटं केलं. सगळे वाकले. मीही वाकलो. 

हिरवट पाणी, थोडं तनस, आणि मोहाची आठ-दहा फुलं. बस.

"दोन मुठींचं एवढंच?" बाई म्हणाली.

"बाकीचं पचलं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "इथं सूज नाही, काही नाही. ही जागा चांगली आहे."

मग ती आतड्यात शिरली. कोपरापर्यंत हात आत. कंपाउंडर धरून होता आणि मधूनमधून आभाळाकडे पाहत होता. मोठं आतडं फुगून ढोलासारखं झालेलं. ती ते हातानं चाचपत पुढे पुढे गेली, जशी आंधळी बाई भिंत चाचपते. एका जागी थांबली. मागे गेली, पुन्हा तिथंच आली.

"बाबा, इकडे या. हात लावा."

मी हात लावला. आतड्याच्या आत काहीतरी कडक होतं. गोल.

तिनं तिथं सुरी मारली आणि दगड बाहेर आला.

मोठ्या बेलफळाएवढा. गोल, काळपट, वरून गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा. जिथं मोठं आतडं एकदम बारीक होतं तिथं तो जाऊन बुचासारखा बसला होता, आणि त्याच्या मागचं सगळं तटून एका जागी फाटलं होतं.

 थोरला भाऊ म्हणाला, "हे खाल्लं तिनं?"

"खाल्लं नाही. हा तिच्या पोटात वाढला," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आत काहीतरी बारीक जातं. खडा, तार, काहीही. त्याच्यावर थर बसतात, कांद्याला असतात तसे. एवढा व्हायला वर्षं लागतात. आठ, दहा, जास्तही."

माझ्या डोळ्यांपुढे आमगावचं स्टेशन आलं. रुळांकडची गिट्टी टांग्यांच्या जागेपर्यंत पसरलेली, आणि त्या गिट्टीत सांडलेले दाणे घोडी ओठांनी वेचते आहे. कदाचित तिथलाच खडा असेल. कदाचित नसेलही. "फोडून पाहायचा का आत काय आहे ते?" डॉक्टरीणबाईनं विचारलं. मी नको म्हणालो. मला जे पाहायचं होतं ते पाहून झालं होतं.

"मोहानं होते का असं?" हे मी नाही विचारलं. बाईनं विचारलं.

"नाही. आणि काल रात्री मला बोलावलं असतं तरी मी काही करू शकले नसते. याला मोठं ऑपरेशन लागतं, ते इकडे कुठंच होत नाही." मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, हे पण पाहा."

तिनं छाती उघडली होती. घोडीचं काळीज तिनं दोन्ही हातांनी उचलून घमेल्यात ठेवलं. नारळ सोडा, लहान मडक्याएवढं. दातांवरून तिनं घोडीचं वय बावीस-तेवीस काढलं होतं. "या वयाला हे असं काळीज!" ती म्हणाली. "कुठं डाग नाही. यकृत बघा, फुप्फुस बघा. कोणीतरी हिला फार नीट सांभाळलंय."

मी उभा राहिलो. माझी पाठ सरळ झाली. खोटं सांगत नाही, घोडी मरून पडलेली, मी कालपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही, आणि मला टांग्यावर उभं राहून साऱ्या आमगावभर ओरडत जावंसं वाटलं.

"कागद लिहून द्या जी," मी म्हणालो. "मराठीत."

तिनं स्कूटरच्या सीटवर वही ठेवून लिहिलं. मी तो कागद हातात घेतला आणि लोकांकडे तोंड करून वाचला. अडखळत वाचला. जोडाक्षराला थांबलो, पुन्हा वाचलं. "मोहफुलांमुळे मृत्यू झाल्याची कोणतीही खूण आढळली नाही." हे वाक्य मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं. कंपाउंडर म्हणाला, "बाबा, झालं वाचून, बसा आता." मी बसलो नाही.

दगड मी धुतला आणि बाईच्या हातात दिला. तिला वजन पेललं नाही, हात खाली गेला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, फिरवून पाहिला आणि मला परत दिला. घराकडे निघून गेली. मला वाटलं, हरली म्हणून गेली.

डॉक्टरीणबाईनं घोडीचं पोट जाड सुतळीनं टाके घालून बंद केलं. मीच म्हणालो होतो, जशी होती तशी जाऊ द्या. दगडाशिवाय सगळं आत गेलं. चुना किती टाकायचा ते सांगून ती निघाली. मी तिच्या पाया पडायला वाकलो तर स्कूटरसकट मागे सरकली.

आणि मग घोडी खड्ड्यात मावेना.

तिघा भावांनी खड्डा चांगला खणला होता, माणूसभर खोल. पण माप बैलाचं. त्यांनी जन्मभर बैलच पुरले. बैल मेला की ते त्याचे पाय गरम असतानाच दुमडून ठेवतात, आणि बैलाचे पाय असतात तरी केवढे! घोडीचे पाय कोणी दुमडले नव्हते. मीही नाही. मी दवाखान्याच्या मागे लागलो होतो. आता दुपार टळली होती, आणि चारही पाय लाकडासारखे ताठ, बंडीच्या दांड्यांसारखे खड्ड्याच्या काठावर आडवे.

थोरला डोकं खाजवत म्हणाला, "काका, गुडघ्यापासून तोडाव लागन. डॉक्टरीणनं एवढं कापलंच हाय. अजून चार घाव."

"नाही."

"मंग अख्खा खड्डा वाढवाव लागन. मुरूम हाय काका. सकाळ होईल."

"पायावर जगली ते जनावर," मी म्हणालो. "पाय तोडून नाही जाणार. सब्बल दे इकडं."

सगळा खड्डा वाढवायची गरजच नव्हती. अंग तर मावत होतं. मी खड्ड्याच्या एका भिंतीला पायांपुरत्या दोन चऱ्या धरल्या, जशा बांदीतून पाणी काढायला धरतो, एक पुढच्या पायांसाठी, एक मागच्या. सब्बल मारली तर ठिणगी उडाली. पुन्हा मारली. माझं वय तेव्हा सत्तरला टेकलेलं. थोरल्यानं थोडा वेळ पाहिलं, मग म्हणाला, "हे डोस्क्यात काऊन नाही आलं बे आमच्या?" आणि तिघंही उतरले. सूर्य डोंगराला लागायच्या आत दोन्ही चऱ्या झाल्या. दोर लावून घोडी उतरवली. ती बसली. पाय चऱ्यांत गेले, तोंड उगवतीला. धावता धावता झोपली आहे असं वाटत होतं. मधला भाऊ म्हणाला, "पाहा काका, दौडून राह्यली."

चुना टाकला. मिठाला हात घालणार तोच बाई आली. हातात डबा. माझ्या घरातला, मोहाचा. तिनं न विचारता आणला होता.

ती खड्ड्याच्या काठाशी बसली, डबा उघडला आणि एक मूठ काढली. मला म्हणाली, "धरा मले, भाटवे." मी तिचा दंड धरला. तिनं वाकून घोडीच्या ओठांशी मूठ सोडली. मी त्या हाताकडे पाहत होतो. बारकी मूठ. बोटांची ठेवण तीच, अंगठा बाहेर ठेवायची सवय तीच. तिच्या बहिणीची मूठही तेवढीच होती. पाच महिने ती कुंपणापलीकडेच होती आणि मी माझ्या पंजानं हिशेब करत बसलो होतो.

"मी बोलली ते चुकली," ती म्हणाली.

"अर्धं चुकलं तुमचं," मी म्हणालो. "अर्धं खरं होतं."

कोणतं अर्धं ते तिनं विचारलं नाही. आम्ही माती लोटली, काटे टाकले.

दुसऱ्या दिवशी दिसायला लागलं तसा मी उठलो. मोह कोणासाठी थांबत नाही. एक टोपली डोक्यावर घेतली आणि हातात रिकामा डबा आणि काठी. नाल्याच्या अलीकडे उभा राहिलो. आता कान नव्हते, म्हणून मी डबा बडवला. चांगला दणकून बडवला. पलीकडे पाला वाजला आणि काहीतरी पळालं. अस्वल होतं का डुक्कर, मला कळलं नाही. पळालं ना? मी एकट्यानं टोपली भरली, घरी आणून ताडपत्रीवर मोह पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून ताडपत्रीच्या कोपऱ्यावर तो दगड ठेवला. वजनाला चांगला आहे.

मग अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि पेटी उघडली. बायकोचा कागद घडीवर थोडा फाटला होता. खिशात ठेवला.

बाई कुंपणाशी उभी होती. "कोठी चालले एवढं सजून?"

"दवाखान्यात. तिच्या."

 "थांबा," ती म्हणाली आणि चप्पल घालून आली. दरेकशाहून आम्ही गाडी धरली. दोघंही खिडकीशी बसलो.

दवाखान्यातल्या खिडकीवर रांग होती. आम्ही रांगेत उभे राहिलो. माझी पाळी आली. आतला माणूस खाली पाहून लिहीत होता, म्हणाला, "क्या है बाबा, जल्दी बोलो." मी कागद काढला, घडी उलगडली, त्याच्यापुढे नीट सरळ करून ठेवला आणि वर हात ठेवला, म्हणजे सरकवून देता येऊ नये.

"माही बायको मेली तवाचा कागद हाय," मी म्हणालो. "कायनं मेली ते मराठीत सांगा. मागच्या टायमाले मी इचारलं नव्हतं. आज इचारून राह्यलो."